मदत हवी आहे: ई-सिगारेटचे द्रव सांडलेली सतरंजी बाळासाठी वापरावी का?

काल भावाच्या ई-सिगारेटच्या द्रवाची १० मिलीची बाटली सतरंजीवर कलंडली. लेबलनुसार प्रत्येक मिलीत २० मिग्रॅ, म्हणजे भरलेल्या बाटलीत २०० मिग्रॅ निकोटीन असते, आणि आमचे रांगते बाळ सापडेल ते तोंडात घालते. सुदैवाने बाळाचा हात तिथे लागला नव्हता. उलटी, लाळ गळणे, सुस्ती यांपैकी काहीही नाही आणि डॉक्टरांनीही तपासले आहे. हातमोजे घालून द्रव टिपले, सतरंजी साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली, तरी डागाच्या जागी हातमोजा किंचित चिकटतो आणि फळासारखा गोड वास येतो. निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते, हीच माझी खरी काळजी आहे. ते पाण्यात विरघळत असले, तरी जाड विणीतून पूर्ण निघाले हे घरी खात्रीने ओळखता येते का, की सतरंजी टाकूनच द्यावी?