मदत हवी आहे: 1975 पूर्वीच्या ख्मेर गाण्यांचा मूळ वेग कसा ठरवायचा?

कंबोडियाचे गायक सिन सिसामुथ आणि गायिका रोस सेरेसोथिया यांच्या ख्मेर (कंबोडियन) गाण्यांची एक कॅसेट डिजिटाइझ करतोय. कंबोडियातली ख्मेर रूज राजवट (1975-79) कोसळल्यानंतर अमेरिकेत भरलेली प्रत आहे. तेव्हाच्या अशा बऱ्याच कॅसेटांसारखं हिच्यातही दोन गोष्टी झाल्यात : गाण्यांचा वेग वाढवला आहे आणि वरून ड्रम मशीनचा (इलेक्ट्रॉनिक ताल वाजवणाऱ्या यंत्राचा) ठेका चढवला आहे.

डेकचा वेग 3150 हर्ट्‌झच्या टेस्ट टेपने तपासला, बरोबर आहे. हेडचा अ‍ॅझिमथ (टेपशी असलेला कोन) याच कॅसेटवर जुळवला. एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळला, तर मोनो (दोन्ही चॅनलवर सारखाच) असलेला मूळ आवाज जवळजवळ जातो आणि ड्रम मशीन मागे उरतं. म्हणजे ते नंतरचंच.

घोडं अडलंय वेगापाशी. स्पेक्ट्रममध्ये विजेच्या गुणगुणीच्या दोन रेघा दिसतात : एक 120 हर्ट्‌झला, ती अमेरिकेतल्या कॉपीची (तिथल्या 60 हर्ट्‌झ विजेची दुप्पट). दुसरी, फिकट, 106 ला. ती नोम पेन्हच्या 50 हर्ट्‌झ विजेची दुप्पट धरली, तर गाणी 6 टक्के जास्त वेगात आहेत. पण 6 टक्के म्हणजे जवळपास नेमका अर्धा स्वर, त्यामुळे गिटारचं ट्यूनिंग आत्ताच्या आणि 6 टक्के कमी, दोन्ही वेगांना तितकंच जुळतं, त्यावरून निकाल लागत नाही. शिवाय कंबोडियातल्या युद्धकाळातली वीज 50 वर स्थिर होती, हे गृहीत धरवत नाही. सेरेसोथियाचा आवाज चुकीच्या पट्टीत जतन व्हायला नको.

मूळ 45 आरपीएम तबकड्या माझ्याकडे नाहीत. कुणाकडे असतील तर त्यांची पट्टी सांगाल का? नाहीतर गुणगुणीशिवाय वेग पडताळायची दुसरी कोणती खात्रीची खूण आहे?