परदेशात फौज पाठवायला संसदेची मंजुरी लागते का?

खानापूरकर: बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं हा वाद आमच्याकडं पेटतोच. २००३ ला इराकला फौज गेली नाही, ती संसदेनं अडवली म्हणून?

निपाणी_वकील: नाही. युद्ध आणि शांतता केंद्र सूचीत (राज्यघटनेतली केंद्राच्या अधिकारातल्या विषयांची यादी) येतात, निर्णय मंत्रिमंडळाचा. अमेरिकेला आपली साधारण एक डिव्हिजन (हजारो जवानांची मोठी तुकडी) हवी होती. एप्रिलात लोकसभेनं इराकवरच्या अमेरिकी हल्ल्याविरुद्ध ठराव केला, पण तो बंधनकारक नव्हता. १४ जुलैला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीनं ठरवलं: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही, तर जवान नाही.

टिळकवाडी: श्रीलंकेचा चटकाही त्यामागं होताच की! २९ जुलै १९८७ चा करार भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांचा. एलटीटीईची (तिथल्या सशस्त्र तमिळ बंडखोरांची) त्यावर सहीच नव्हती. त्यांची शस्त्रं जमा करायला गेलेली भारतीय शांतिसेना ऑक्टोबरात जाफन्याच्या गल्लीबोळांत त्यांच्याशीच लढत होती. सुरुंग पेरलेले, माहिती तोकडी. हजारावर जवान मारले गेले. मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तर तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत.

खानापूरकर: मग खासदारांच्या हातात काय?

निपाणी_वकील: चर्चा, प्रश्न, अविश्वास ठराव. शिवाय खर्चाच्या मागण्या लोकसभेतच मंजूर होतात. पण तोवर फौज पोचलेली असते.