चर्चा धागा: चित्रीकरण बघितलं म्हणजे नाटक बघितलं का?

तिसरी घंटा: मित्र म्हणाला, "ते नाटक बघून झालं, मोबाइलवर." मला हे पटत नाही. 1972 मध्ये आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची मानवी भिंत आठवा. नाना फडणवीस पुढे बोलत असताना मागे कोण डुलतंय, कोण तोंड फिरवतंय, हे बघणाऱ्याने आपलं आपण निवडायचं असतं. कॅमेरा नानाच्या चेहऱ्यावर गेला की भिंत गेलीच. संगीत नाटकात पद रंगलं की वन्समोअर यायचा, नट तेच पद पुन्हा म्हणायचा, नव्या जागा घेऊन. चित्रीकरणाला वन्समोअर कसा देणार?

गोदाकाठ: नाट्यगृहाजवळ राहणाऱ्याने हे म्हणणं सोपं आहे. आमच्या तालुक्याच्या गावात व्यावसायिक नाटकाचा दौरा येत नाही. माझ्या आईने नाटकं ऐकली ती कॅसेटवर, भाकऱ्या थापताना, आणि स्वगतं तिला पाठ होती. शिवाय 1970 सालचा डॉ. श्रीराम लागूंचा 'नटसम्राट' मी कुठे बघणार होतो? तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. प्रयोग संपला की सगळं संपतं, यात कसला मोठेपणा?

तिसरी घंटा: मोठेपणा नाही, तो नाटकाचा स्वभाव आहे. मी हौशी नाटकात काम करायचो. पहिल्या प्रयोगात एका वाक्याला मोठा हशा आला. दुसऱ्या प्रयोगात त्याच वाक्याला सगळं नाट्यगृह गप्प. पुढचं वाक्य ओठांवर होतं, पण मी थांबलो, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की ते वाक्य दुःखाचं आहे. तालमीत दीड महिना दिग्दर्शक तेच सांगत होते! मला ते अंधारात बसलेल्या लोकांनी दाखवलं. कॅसेट ऐकताना तुमच्या आईंना रडू आलं असेल, पण ते नटापर्यंत पोचलं नाही.

धानपट्टा: दोघांनाही सांगतो, नाटक म्हणजे फक्त पुण्या-मुंबईचं नाट्यगृह नव्हे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. वडसा गावच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे असतात, आणि मंडपातले लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. शहरातले जाणकार याला भडक म्हणतात. म्हणोत. गोदाकाठ, चित्रीकरणावर समाधान मानू नका. दौरे मागा, नाहीतर गावातच मंडळ उभं करा.

गोदाकाठ: दौरे मागूच. पण ते येईपर्यंत काय करायचं? माझी मुलगी नववीत आहे. तिने एक जुनं नाटक मोबाइलवर तीनदा बघितलं, आणि आता शाळेच्या गॅदरिंगसाठी मैत्रिणींना घेऊन एकांकिका बसवतेय. दोन बाकं आणि एक चादर, एवढाच सेट. काल तालमीत एकीला म्हणाली, "तू लवकर बोललीस, तिला आधी रडून घेऊ दे." तिसरी घंटा, तुमच्या मते तिने अजून नाटक बघितलेलंच नाही. मग हे ती कुठून शिकली?