मदत हवी आहे : आबांना पाऊस-भावाच्या काळजीतून कसं काढू?

राम राम मंडळी. अहमदपूर तालुक्यात आमचं कोरडवाहू रान, खरिपाला सोयाबीनच. मृग तोंडावर आला, पण आबांचा दिवस मोबाइलमध्येच जातो. पाऊस कधी, लातूरला भाव काय फुटला, खाद्यतेलाची आयात किती. झोपही उडालीय.

यातलं काहीच आपल्या हातात नाही. हातातलं मात्र पडून आहे. घरच्या बियाण्याची उगवण बघायचीय : ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवायचे, निदान ७० उगवले तर बियाणं चालतं. बीबीएफवाला, म्हणजे रुंद वरंबा अन् सरी पाडून पेरणारा ट्रॅक्टर आत्ताच सांगून ठेवायला हवा. रुंद वरंब्यावर पावसाचा ताण पडला तरी ओल टिकते, जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरायचं नाही, एवढं शेजाऱ्यांची धांदल बघूनही पाळायचं.

आबांना हे माझ्याहून जास्त कळतं, तीच पंचाईत. "पाऊसच नाही आला तर तुझं गोणपाट काय करणार?" म्हणतात. खोटंही नाही ते.

तुमच्या घरी असं कुणाचं झालं होतं का? न दुखावता कामाकडे कसं वळवलंत? झोपेसाठी डॉक्टरला आत्ताच दाखवू, की पेरणीपर्यंत थांबू?