अनुभव धागा: कुणी फारसं कौतुक न केलेले स्ट्रॅटेजी (डावपेचांचे) आणि आरपीजी (एखादं पात्र बनून खेळायचे) गेम

खाडीपलीकडचा
काल ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये शेजारच्या पोराच्या हातात स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर. डोकावलो तर बॅटल रेल्म्स! विचारलं तर म्हणाला, "काका, सेलमध्ये स्वस्त मिळाला." काका म्हणाला ते सोडून देऊ.

गेम 2001 चा. तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एज ऑफ एम्पायर्स, याला कुणी विचारत नव्हतं. यात शेतकरी विकत घ्यायचे नसतात, झोपड्यांतून आपले आपण येत राहतात, पण वस्ती वाढली की येण्याचा वेग मंदावतो. साधनं दोनच, तांदूळ आणि पाणी. खरी गंमत सैन्याची. सैनिक पैसे टाकून मिळत नाही, शेतकऱ्यालाच शिकायला धाडायचं. डोजोत, म्हणजे युद्धकलेच्या आखाड्यात, गेला की भालाईत. तोच पुढे तिरंदाजी शिकून आला की ड्रॅगन वॉरियर, आणि दारूगोळेवाल्याकडेही उमेदवारी करून आला की सामुराई. म्हणजे फौज वाढवली की शेतावरचे हात कमी. पाऊस पडला की भात भराभर वाढतं. आमचे रोह्याचे आजोबा मागे खुर्ची टाकून बघत बसायचे. "आधी लावणी उरकून घे, लढाई कुठे पळून जात नाही." इतका चांगला स्ट्रॅटेजी सल्ला मला नंतर कुठल्याही व्हिडिओत मिळाला नाही.

तुम्हीही लिहा. अट एकच, काउंटर स्ट्राइकचा गोळीबार नको.

राममारुतीरोड
स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर. नंतर लिहितो, कुकर लावलाय.

सीवूड्सकर
स्ट्राँगहोल्ड अंडररेटेड?? प्रत्येक कॅफेत होता तो.

राममारुतीरोड
कॅफेत उंदीरपण होते. कौतुक कोणी केलं?

जुना माउस
मॅजेस्टी, 2000 सालचा. तुम्ही राजा, पण हिरो तुमचे नोकर नाहीत. कुणालाही थेट हुकूम देता येत नाही. राक्षस मारायचा असेल तर त्याच्यावर बक्षीस लावायचं आणि वाट बघत बसायचं. मी जन्मभर सरकारी टेंडरं काढली, त्यामुळे मला या गेमची शिकवणी लागली नाही. रक्कम कमी ठेवली तर कुणी फिरकत नाही, वाढवली की सगळ्यात आधी चोर हजर. मग तोच पैसा ते तुमच्याच बाजारात उडवतात आणि करवसुलीवाला फिरून गोळा करून आणतो. रस्त्यात तो मेला तर पैसे गेले. निवृत्तीनंतरही अधूनमधून खेळतो, सौ. म्हणते अजून ऑफिस सुटलं नाही का.

सीवूड्सकर
माउसकाका, दंडवत 🙏

चष्मिष्ट
माझा आर्केनम. तो पण 2001. फॉलआउट हा आरपीजी बनवणाऱ्यांपैकी तिघांनी बाहेर पडून ट्रॉयका नावाची कंपनी काढली, तिचा पहिला गेम. सुरुवातीलाच तुमचं झेपेलिन (हवाई जहाज) कोसळतं आणि तुम्ही सोडून जवळपास सगळे मरतात. जग कसलं, तर एल्फ आहेत, बुटके आहेत आणि त्यातच वाफेची इंजिनं, कारखाने, संप, वर्तमानपत्रं. जादू आणि यंत्र यांचं वाकडं. जादू अंगात मुरलेल्या माणसाला आगगाडीत घ्यायला कुरकुर करतात, त्याच्यामुळे इंजिन बिघडेल म्हणून. उलट तुम्ही यंत्रवाले झालात तर जादूची मलमपट्टीसुद्धा तुम्हाला नीट लागू पडत नाही. ही एक कल्पना त्यांनी गेमच्या पार तळापर्यंत झिरपवली आहे. आताच्या मोठ्या आरपीजीत जादू म्हणजे पडद्यावर तिची शिल्लक दाखवणारी नुसती निळी पट्टी.

बुद्धी अगदी कमी ठेवून पात्र बनवा. सगळे संवाद बदलतात, तुमचा हिरो तोडकंमोडकं बोलतो आणि लोक त्याला वेड्यात काढतात. मी आणि भाऊ हसून लोळायचो. लढाया मात्र भिकार, त्याबद्दल वाद घालणार नाही. टर्न-बेस्डवर (आळीपाळीने खेळी) ठेवा, रिअल-टाइममध्ये (सगळे एकदमच) नुसता गोंधळ. बगही (प्रोग्राममधल्या चुका) भरपूर होते.

याच लोकांचा पुढे व्हॅम्पायर ब्लडलाइन्स आला, 16 नोव्हेंबर 2004. त्याच दिवशी हाफ-लाइफ 2 हा बडा गेम. आणि इंजिनही, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, तेच! कोण बघणार याच्याकडे? 2005 मध्ये कंपनी बंद. पुढे चाहत्यांनीच वर्षानुवर्षं दुरुस्तीचे पॅच काढून गेम जगवला. त्यात माल्केव्हियन (वेडसर व्हॅम्पायरांच्या कुळातला) घेऊन खेळा, तुमचा माणूस थांबा लिहिलेल्या पाटीशी भांडतो.

कळवानाका
माझी गोष्ट वेगळी. आमच्याकडे भारनियमन इतकं की रिअल-टाइम परवडायचंच नाही. सेव्ह करायच्या आत अंधार. म्हणून टर्न-बेस्डची सवय लागली, आवडनिवड नंतरची. आणि लाईट नसताना मोबाईलवर एन्शंट एम्पायर्स. जावावाला, बटणांच्या फोनवरचा. कोणाला आठवतोय का? विझार्ड थडग्यातून सांगाडे उठवायचा. माझी सगळी रणनीती म्हणजे थडगी शत्रूच्या हाती लागू द्यायची नाहीत 😄 एकाच फोनवर दोघं खेळायचो, आपली खेळी झाली की फोन समोरच्याला. ठाणे ते वाशी एक लढाई व्हायची. तुर्भ्याला गर्दी चढली की तह.

नेरूळची नात
एन्शंट एम्पायर्स!!! मला वाटायचं हे मी स्वप्नात पाहिलंय. भाऊ फोन द्यायचा नाही म्हणून मी त्याची गणिताची वही लपवली होती.

राममारुतीरोड
आलो. क्रुसेडर 2002 चा, आणि आधीच्या स्ट्राँगहोल्डपेक्षा भारी का, तर वाळवंट. शेती फक्त हिरवळीच्या तुकड्यावर. त्यामुळे भांडण किल्ल्यासाठी नसून त्या तुकड्यासाठी असतं. लोकांना खाऊपिऊ घाला, मग थोडा कर लावा, नाराज झाले तर गाव सोडून जातात. शत्रूही लक्षात राहणारे. रॅट म्हणजे घाबरट, पिग म्हणजे आडदांड, वुल्फ आला की हातातला चहा गार. आणि गोफणयंत्रातून रोगट गाय फेकता येते. आईने ते एकदा पाहिलं आणि आठवडाभर कॉम्प्युटर बंद.

जुना माउस
मातोश्रींचं बरोबर होतं.

सातारकर ठाण्यात
एम्पायर टोटल वॉर, 2009. मराठे घेऊन मोहीम खेळता येते, राजधानी सातारा. पहिल्यांदा नकाशावर नाव बघून अंगावर काटा आला होता. पण लोक हा गेम युरोपसाठीच खेळतात, इकडे फिरकतही नाहीत. मोहीम सुरू होते 1700 मध्ये. आता खरं 1700 बघा. डिसेंबर 1699 पासून साताऱ्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा, आत प्रयागजी प्रभू किल्ला लढवतायत, मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये किल्ला पडला. इतिहासातला इतका अडचणीचा क्षण, आणि गेममध्ये आपण निवांत कर ठरवत बसतो. मला तो वेढा हवा होता. पुढे सात वर्षं ताराराणींनी जे केलं, त्यावर वेगळा गेम व्हायला हवा. किल्ला द्यायचा, पैसे घ्यायचे, पावसाळ्यात परत घ्यायचा. असलं कुठल्याच स्ट्रॅटेजी गेमला जमलेलं नाही. किल्ला गेला की हरलात, एवढंच त्यांना कळतं.

चष्मिष्ट
शेवटचं वाक्य लाख बोललात.

घोडबंदर वन वे
सिव्हिलायझेशन या गेममधल्या गांधीजींनी अणुबॉम्ब टाकल्याचं कोणी लिहिलं नाही अजून? बगमुळे व्हायचं म्हणे ते.

सीवूड्सकर
ती लोणकढी आहे. गेमचा कर्ता सिड मायरनेच 2020 च्या आत्मचरित्रात सांगितलंय की मूळ गेममध्ये असा बग नव्हताच.

घोडबंदर वन वे
अरे यार. पंधरा लोकांना सांगून झालं माझं.

नेरूळची नात
अनरेस्ट कुणी खेळलाय? 2014 चा, भारतीय स्टुडिओचा. प्राचीन भारतासारखं जग, भीमरा नावाचं शहर, दुष्काळ. तुम्ही जगाला वाचवणारे कुणी नसता. एकदा एक असता, मग दुसरंच कुणी. एका भागात गावातल्या मुलीचं लग्न ठरवलेलं असतं आणि तुम्ही ती मुलगी. तलवार नाही, जादू नाही. आईबापांशी काय बोलायचं, एवढंच हातात. माझ्या घरी तेव्हा बघण्याचे कार्यक्रम चालू होते. पोहे करून आत येऊन हा गेम खेळत होते. ड्रॅगनसमोर मी इतकी विचार करून कधी बोलले नव्हते. गेम छोटा आहे, काही ठिकाणी कच्चा, चित्रंही साधी. पण आरपीजी म्हणजे भूमिका घेणं असेल तर हाच.

कळवानाका
मग ठरलं का लग्न?

नेरूळची नात
गेममध्ये की बाहेर? 😛 दोन्हीकडे नाही म्हटलं.

राजसची आई
नमस्कार. गेममधलं मला काही कळत नाही, पण वाचायला मजा आली. मुलगा नववीत आहे, दिवसभर मोबाईलवर गोळीबार. डोकं चालवणारा, पैसे न मागणारा एखादा सुचवाल का?

चष्मिष्ट
ताई, बॅटल फॉर वेसनॉथ. पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, 2003 पासून लोक आपणहून सुधारत आलेत. षटकोनी घरांचा पट, आळीपाळीने खेळी. सैनिक अनुभवाने वरच्या पायरीवर जातात, त्यामुळे पोराला प्यादं वाचवायची सवय लागते.

सीवूड्सकर
आणि शिव्यांचीपण. जंगलातल्या एल्फवर वार करा, निम्म्याहून जास्त हुकतात.

चष्मिष्ट
म्हणून जादूगार पुढे आणायचा. त्याचा वार कुठेही 70 टक्के लागतो, झाडाआड लपून फायदा नाही. टक्केवारी आपोआप शिकेल पोरगा.

राजसची आई
लॅपटॉप त्याच्या बाबांच्या ऑफिसचा आहे, त्यावर चालेल?

जुना माउस
ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही टाकू नका. चौकशी लागते.

घोडबंदर वन वे
माझ्याकडे जुना डेस्कटॉप पडून आहे ताई, मॉनिटरसकट. घेऊन जा, फक्त मानपाड्याला यावं लागेल. आणि संध्याकाळी येऊ नका, घोडबंदर रोडवर अडकाल.

राजसची आई
रविवारी सकाळी चालेल? राजसला घेऊनच येते, उचलायला तोच लागेल.