मदत हवी आहे: मॅलॅट-१ कर्करोग पसरवतो की थोपवतो?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात सेमिनार, विषय ‘लाँग नॉन-कोडिंग आरएनए (म्हणजे प्रथिन न बनवणारे लांब आरएनए) आणि कर्करोग’. तालमीतच मॅडमनी पाचव्या स्लाइडवर अडवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘मॅलॅट-१ मुळे कर्करोग पसरतो’. म्हणाल्या, "२०१८ चा पेपर वाचलास? नसशील तर ही ओळ काढ." वाचला, आणि आता आधीचं जे कळलं होतं तेही कळेनासं झालंय.

मॅलॅट-१ हा त्यातलाच एक. त्याचा आरएनए आठ हजारांहून जास्त न्यूक्लिओटाइडचा. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो केंद्रकातच राहतो, स्प्लायसिंगचे (आरएनए कापून जोडण्याचे) घटक जिथे जमा असतात त्या ठिपक्यांमध्ये, म्हणजे स्पेकल्समध्ये. २००३ साली जर्मन गटाला फुप्फुसाच्या कर्करोगात तो सापडला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांचा आजार पुढे पसरला, त्यांच्या गाठींत तो जास्त होता. त्याच्या पूर्ण नावातच ‘मेटास्टॅसिस’ (कर्करोग पसरणं) आहे, मग मी दुसरं काय लिहिणार?

२०१२ मध्ये तीन गटांनी उंदरांतून हे जनुक निकामी केलं, तर उंदीर ठणठणीत. ठीक आहे, निरोगी उंदरात गरज नसेल. पण पुढे:

२०१६, अमेरिकेतली कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळा. स्तनाचा कर्करोग व्हावा म्हणून जनुक घातलेल्या ‘पीवायएमटी’ उंदरात मॅलॅट-१ काढला, तर फुप्फुसात पसरणं घटलं.

२०१८, ह्यूस्टनचं एमडी अँडरसन कर्करोग केंद्र. तेच पीवायएमटी उंदीर, तोच आरएनए बंद केला, तर पसरणं वाढलं! त्यांच्या मते हा आरएनए ‘टीड’ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतो, त्यामुळे टीडची त्याच्या साथीदार प्रथिनाशी, ‘यॅप’शी, जोडी जमत नाही आणि पसरायला मदत करणारी जनुकं चालू होत नाहीत.

दोन्ही खरं कसं असेल? आणि स्लाइडवर काय लिहू? कुणी या कामातलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

‘जनुक काढलं’ म्हणजे नेमकं काय केलं, हे दोन्ही पेपरांच्या मेथड्समध्ये शेजारी शेजारी ठेवून बघ. नॉन-कोडिंग जनुकाच्या जागी तीन गोष्टी असतात: तिथला डीएनए, त्यावरून आरएनए लिहिण्याची क्रिया आणि लिहून झालेला आरएनए. प्रमोटरसकट (लिहिणं जिथून सुरू होतं त्या डीएनएसकट) तुकडा कापला की तिन्ही एकदम जातात, शेजारची जनुकंही हलू शकतात. २०१६ वाल्यांनी असा तुकडा कापला होता. २०१८ वाल्यांनी मध्ये थांबा घालून लिहिणं तोडलं, शेजारची जनुकं बदलली नाहीत हे दाखवलं आणि मुख्य म्हणजे आरएनए परत घालून पाहिला. तो घातल्यावर पसरणं पुन्हा कमी झालं. अशा भांडणात मी हाच पुरावा सगळ्यात वजनदार मानतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी बरंचसं सहमत, पण २०१६ ला इतक्या सहज मोडीत काढू नका. त्यांनी अँटिसेन्स ऑलिगोही (आरएनएला जुळणारे छोटे कृत्रिम तुकडे) वापरले होते. ते डीएनएला हात लावत नाहीत, केंद्रकातल्या आरएनएला चिकटतात आणि आरनेझ-एच हे विकर तो कापतं. तरीही पसरणं घटलंच. म्हणजे ‘प्रमोटर कापला म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. स्लाइडवर दोन्ही निकाल आणि दोन्ही पद्धती लिही, कोण बरोबर ते ठरवू नकोस.

आणि २००३ च्या निष्कर्षाला ‘मुळे’ लावू नकोस. रुग्णांत पातळी जास्त दिसली, एवढंच ते आहे.

जाता जाता, पुढे होटेअर (असाच आणखी एक आरएनए) असेल तर तीही स्लाइड तपास. ‘पीआरसी-२ ला बोलावून जनुकं बंद करतो’ असं सगळे ठोकून देतात (पीआरसी-२ म्हणजे जनुकं बंद ठेवणारा प्रथिनांचा गट). २०१७ मध्ये दाखवलंय की पीआरसी-२ नसतानाही होटेअरमुळे जनुक बंद होतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! प्रमोटरचा मुद्दा मेथड्समध्ये सापडला, मी तो भाग वाचलाच नव्हता. ‘मुळे’ काढून ‘सोबत’ केलंय, खाली २०१६ आणि २०१८ शेजारी शेजारी.

होटेअर सहाव्या स्लाइडवर आहे. ‘पीआरसी-२ ला बोलावतो’, ठळक अक्षरात, बाणासकट. ती आज रात्री.