मेनफ्रेमच्या नव्या बॅचला १९६४ चा इतिहास शिकवावा का?

रबाळे_लोकल (धागाकर्ता)

ऐरोली-महापे पट्ट्यात मेनफ्रेमच्या (मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकांच्या) कामावर येणाऱ्या मुलांना कोबोल ही प्रोग्रॅमची भाषा आणि जेसीएल, म्हणजे मशीनला काम ('जॉब') सोपवण्याची भाषा, शिकवतात, इतिहास मात्र वगळतात. माझं ठाम मत: तो पहिल्याच आठवड्यात शिकवावा.

७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. त्याआधी त्यांचंच १४०१ हे दशमान पद्धतीचं अक्षरयंत्र, तर ७०९० हे ३६ बिटांच्या 'शब्दा'चं (शब्द म्हणजे मशीन एका वेळी हाताळतं तो डेटाचा तुकडा). एकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. ३६० ने लहान-मोठ्या मॉडेलांना एकच सूचनासंच आणि ८ बिटांचा बाइट दिला. जुना प्रोग्रॅम पुढच्या मशीनवर चालेल हा शब्द तेव्हापासून पाळला गेलाय, म्हणून तेव्हाचे निर्णय आजच्या चुकांमध्ये दिसतात.

सॉक-सेव्हन घ्या, म्हणजे आकड्याच्या जागी भलताच डेटा आला की जॉब पाडणारी चूक. अधिक-उणे चिन्हासहित पाच अंकी फील्डमध्ये रिकाम्या जागा आल्या. एबसिडिकमध्ये, म्हणजे आयबीएमच्या अक्षरसंकेतात, रिकामी जागा म्हणजे हेक्स (सोळाच्या पायाची संख्या) ४०, पाच हा अंक म्हणजे एफ५. वरचा अर्धा बाइट 'झोन', हा शब्दच पंच कार्डाच्या वरच्या ओळींवरून आलेला. अंक अर्ध्या-अर्ध्या बाइटमध्ये बसवणारी पॅक सूचना शेवटच्या बाइटचे दोन अर्धे उलटे करते, म्हणून पाच रिकाम्या जागांचे ०० ०० ०४ होतात. चिन्हाच्या जागी ४ बसला. तिथे फक्त ए ते एफ चालतात. बेरीज करायला गेलं की जॉब पडला.

कोपरी_पूल

असहमत. वरचं सगळं बरोबर आहे, पण रात्री दोन वाजता पडलेला जॉब उभा करायला त्यातलं काही लागत नाही. डंपमधला (जॉब पडतानाच्या मेमरीच्या छापील प्रतीतला) ऑफसेट, म्हणजे चुकीची जागा, घ्या, कंपाइल लिस्टिंगमध्ये ती ओळ गाठा, फील्डचं हेक्स बघा, इनपुट फाइलमधला रेकॉर्ड शोधा. मग कोडमध्ये हिशेबाआधी 'इफ न्यूमरिक' तपासणी घाला. हे हाताला बसायलाच दिवस जातात, आणि तेच दिवस तुम्ही १९६४ ला देणार.

ब्लॉक साइझचंही तेच, म्हणजे एकत्र लिहिल्या जाणाऱ्या रेकॉर्डांच्या गठ्ठ्याचा आकार. पूर्वी गणित करावं लागे. आता जेसीएलमध्ये शून्य द्या, ८० बाइटच्या रेकॉर्डसाठी ३३९० डिस्कवर सिस्टिम स्वतः २७,९२० निवडते. डिस्कच्या एका वर्तुळावर, म्हणजे ट्रॅकवर, असे दोन ब्लॉक. विषय संपला.

पारसिक_बोगदा

ब्लॉक साइझचा विषय इथे संपत नाही, कोपरी. कोबोलच्या एफडीमध्ये (फाइलच्या वर्णनात) 'ब्लॉक कंटेन्स झिरो रेकॉर्ड्स' लिहिलं नाही, तर कंपायलरचा नेहमीचा अर्थ 'एका ब्लॉकमध्ये एकच रेकॉर्ड' असा होतो, आणि जेसीएलमधल्या शून्याचा उपयोग होत नाही. मग त्याच ट्रॅकवर ६९८ ऐवजी ७८ रेकॉर्ड मावतात. फाइल नऊपट फुगते. सिलिंडरमध्ये (ट्रॅकच्या गटांमध्ये) १० प्रायमरी आणि ५ सेकंडरी जागा मागितली असेल, तर एका व्हॉल्यूमवर (डिस्कवर) प्रायमरी एकदा आणि सेकंडरी पंधरा वेळा मिळते: १० अधिक १५ गुणिले ५, म्हणजे ८५ सिलिंडरला बी-३७, जागा संपल्याची चूक, येते. नवा मुलगा जागा वाढवून जॉब पुन्हा लावतो. जॉब चालतो, चूक तशीच राहते.

ती चूक डोळ्यांसमोर उभी राहते टेपवरून. १६०० बीपीआयच्या (इंचाला १६०० बाइट मावणाऱ्या) टेपवर ८० बाइट म्हणजे ०.०५ इंच, आणि दोन ब्लॉकमधली मोकळी जागा ०.६ इंच! २,४०० फुटी रिळावर एकेक रेकॉर्ड लिहिला तर जेमतेम ४४ हजार मावतात. शंभर-शंभरचे ब्लॉक केले तर पाच लाखांच्या वर. हे गणित फळ्यावर एकदा केलं की ते कलम कोणी विसरणार नाही.

वागळे_सर्कल

इतिहास शिकवायचाच तर एकाच कंपनीचा का? मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६० ला स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, १९६४ ला तिथेच सीडीसी ३६०० आलं, ४८ बिटांच्या शब्दाचं. बाइट म्हणजे निसर्गनियम नव्हे, एक निवड होती, हे त्यावरून कळतं. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेल्यावर त्यांच्या मशीनांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली, हेही मुलांना ठाऊक हवं.

कोपरी_पूल

पारसिक, ब्लॉक कंटेन्सचा मुद्दा मान्य. पण तो एफडीच्या धड्यात, त्या कलमाशेजारी शिकवा. वेगळा इतिहासाचा तास कशाला? कोबोलची ओळ ७२ व्या रकान्यापलीकडे गेली की कंपायलर पुढचं वाचत नाही, कारण ७३ ते ८० हे कार्डावर प्रोग्रॅमची ओळख लिहिण्याचे रकाने. हे सांगायला एक वाक्य पुरतं. शिवाय रबाळे, तुम्ही जुनं चालू ठेवण्याचं कौतुक करता, त्याची किंमत सांगत नाही. मेमरीच्या २४ बिटांच्या पत्त्यामुळे १६ मेगाबाइटची रेषा पडली, ती आजही त्रास देते.

रबाळे_लोकल

किंमतही इतिहासातच कळते. रजिस्टर ३२ बिटांचं, पत्ता २४ चा. उरलेल्या वरच्या बाइटमध्ये लोकांनी खुणा ठेवल्या. १९८३ ला एक्सए ही पुढची रचना आली तेव्हा पत्ता ३१ बिटांचाच झाला, वरचा एक बिट राखून. एका वाक्यात हे मावत नाही, कारण यातून काम निघतं: असं जुनं असेंब्लर मॉड्यूल ३१ मोडमध्ये चालवलं की ती खूण पत्त्याचाच भाग समजली जाते आणि सॉक-फोर, म्हणजे मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातल्याची चूक, येते. म्हणून मोड बदलण्याआधी वरचा बाइट कुठे कुठे वापरलाय ते सोर्समध्ये ओळीओळीने शोधावं लागतं.